फळा पुसायचा नाही

पुनावळे सोडून आम्ही निगडीला राहायला आलो, तरी रविवारी सकाळी दाराची बेल वाजली की मी अजून ताडकन उठतो. हातातला चहा मी घाईघाईने संपवतो, लॅपटॉपचा चार्जर शोधायला लागतो, आणि दार उघडल्यावर समोर इस्त्रीवाला उभा दिसतो. ही शिस्त मला पायगुडे बाईंनी लावली. लहानपणी लातूरच्या शाळेत भल्या भल्या मास्तरांनी माझ्यापुढे हात टेकले होते. बाईंनी मला चाळिशीत सरळ केलं, आणि तेही शिकवणारा मी आणि शिकणाऱ्या त्या असताना.

बाई पुनावळ्याला आमच्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूने बांधलेलं. वॉचमनपासून बिल्डरच्या माणसापर्यंत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. लिफ्टजवळ सोसायटीची सूचना लागली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले असायचे आणि खाली शेरा: 'पुन्हा लिहा.' सेक्रेटरी खरोखर पुन्हा लिहायचा.

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि त्याहून जास्त मीटिंगा होतात. या मीटिंगांसाठी एक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर एक पांढरा कागद येतो, त्याला कडाच नाहीत, हवा तेवढा पसरत जातो. त्यावर रंगीत कार्डं चिकटवायची, फोटो लावायचे, एका कार्डापासून दुसऱ्यापर्यंत बाण ओढायचे. दहा जणांच्या डोक्यात विखुरलेली माहिती डोळ्यांना एका ठिकाणी दिसायला लागते. दहा जण दहा गावांहून तो कागद एकदम उघडू शकतात, आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली एक छोटी खूण कागदावर फिरताना सगळ्यांना दिसते. आम्ही याला बोर्ड म्हणतो. बाई पहिल्या दिवसापासून फळा म्हणाल्या, आणि तिथेच घात झाला.

सुरुवात माझ्याच हौसेने झाली. टँकर कुणी मागवायचे, कधी मागवायचे, यावरून सोसायटीत दर महिन्याला रणकंदन व्हायचं. एका मीटिंगला मी सगळा घोळ बोर्डवर मांडून क्लबहाऊसच्या टीव्हीवर दाखवला. भांडण काही थांबलं नाही. बाई मात्र पहिल्या रांगेत बसून टक लावून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बेल वाजली.

"सूर्यवंशी, ते कालचं मला शिकव."

"कशासाठी बाई?"

"गावच्या लेकी गोळा करायच्यात."

बाई मूळच्या पुनावळ्याच्याच. या गावात जन्मलेल्या आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या सगळ्या बायकांना एका दिवसासाठी माहेरी बोलवायचं, असा त्यांचा बेत होता. गावोगावी हल्ली असे माहेरवाशिणींचे मेळावे होतात, त्यात नवल काही नव्हतं. पण इथे अडचण वेगळी होती. या लेकी ज्या गावातून गेल्या ते गावच आता जागेवर नव्हतं. शेतांवर टॉवर उभे राहिले होते आणि त्यातल्या एकात आठव्या मजल्यावर मी कर्ज काढून राहत होतो. कोण कुठे दिली, कुणाचं काय झालं, हे पाच-सहा म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी तुकड्यातुकड्यांनी उरलेलं. ते त्यांना फळ्यावर हवं होतं.

मी हो म्हणालो. चार रविवारांचं काम असेल असं वाटलं. कंपनीत नवीन पोरांना मी हे अर्ध्या तासात शिकवतो.

बाईंना कार्ड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायला शिकवणं, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत दीर्घ अभ्यासक्रम आहे. "धरा, ओढा, सोडा," एवढंच तर होतं. बाई धरायच्या. एवढ्या जोरात धरायच्या की त्यांच्या टॅबलेटला वाटायचं त्यांना काहीतरी वेगळंच हवंय, आणि तो दहा गोष्टींची यादी पुढे करायचा. मग ओढायच्या. सोडायच्या मात्र नाहीत. बोट तसंच टेकवून मला विचारायच्या, "इथं बरोबर आहे?" मी म्हणायचो, "बरोबर आहे, सोडा." त्या म्हणायच्या, "नक्की?" तेवढ्यात बोट हलायचं आणि कार्ड कागदाच्या कुठल्या तरी टोकाला भिरकावलं जायचं.

"उनाड आहे हे कार्ड," बाई म्हणायच्या.

"कार्ड उनाड नाही बाई, तुम्ही सोडत नाही."

"आवाज चढवू नकोस. मूल चुकलं तर आधी शिकवणाऱ्यानं स्वतःकडे बघावं."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचो. आमची ही तिथे पदर तोंडाला लावून हसत उभी असायची. "तुम्ही कंपनीत मोठे ट्रेनर ना?" म्हणायची.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी कार्डं जमायला लागली. बाईंनी आठवडाभर फोन करून माहिती आणली होती आणि आम्ही दुपारपर्यंत बसून ती चढवली. मी थकून सोफ्यावर टेकलो. बाई उठल्या, चष्मा घडी केला, पुन्हा वाकून टॅबलेटवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "येते."

त्या गेल्यावर मी बोर्ड बघितला. पांढराशुभ्र. एक कार्ड नाही, एक बाण नाही.

मी जिना उतरत धावलो. "बाई, सगळं गेलं! काय दाबलंत?"

"गेलं नाही, मी पुसलं. सगळं निवडून पुसायचं तूच शिकवलंस की."

"पण का?"

बाईंनी माझ्याकडे वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलाकडे बघावं तसं बघितलं. "वर्ग सोडताना फळा पुसायचा असतो, सूर्यवंशी. पुढच्या माणसाला स्वच्छ मिळायला नको?"

आयुष्यभर त्यांनी एकही वर्ग फळा न पुसता सोडला नव्हता. गेलेलं परत आणायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते म्हणून मी वाचलो, नाहीतर त्या दिवशी आमचे संबंध कायमचे संपले असते. मी त्यांच्या टॅबलेटच्या मागच्या बाजूला कागद चिकटवला: 'फळा पुसायचा नाही.' त्यांनी तो वाचला आणि अक्षर सुधार म्हणाल्या. तरीसुद्धा आणखी दोनदा पुसला. हाताची सवय डोक्याचं ऐकत नाही हे मला कळतं, पण त्या वेळी माझा नुसता संताप संताप व्हायचा.

मांडणीवरून तर दर रविवारी वाजायचं. मला वाटायचं नावं अक्षरानुक्रमाने लावावीत, म्हणजे शोधायला सोपी. बाईंनी प्रत्येक कार्ड तिथे ठेवलं जिथे जुन्या गावात त्या मुलीचं घर होतं. वेशीजवळच्या मुली खाली, मारुतीच्या देवळामागच्या वर, मधे विहीर म्हणून एक निळा गोल. घर म्हणून चौकोन, आणि चौकोनात त्या घरच्या लेकी. एकदा मी त्यांना न विचारता आपोआप मांडणीचं बटण दाबलं. क्षणात सगळ्या लेकी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा रांगेत उभ्या राहिल्या. मला फार बरं वाटलं.

"माझी विहीर कुठाय?" बाईंचा आवाज एकदम गावाकडचा झाला. "अरं, ह्या दोघींची दारं समोरासमोर व्हती. तू ह्यांना कुठल्या कुठं नेऊन घातलंस! एवढं तर बिल्डरनंबी केलं न्हाई."

मी पुन्हा सगळं जागच्या जागी आणलं. तो रविवार त्यातच गेला.

नावांचा घोळ आणखी निराळा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, त्यामुळे एकाच बाईची दोन नावं. रुक्मिणी नावाच्या एका लेकीसाठी आम्ही हिंजवडीपासून देहूरोडपर्यंत फोन लावले. कुणाला माहीत नाही. शेवटी कळलं की ती बोर्डवर आधीपासूनच आहे, सासरच्या वैशाली या नावाने, शेजारच्याच चौकोनात. मी कपाळावर हात मारला आणि म्हणालो, "बाई, एक माणूस, एक कार्ड. हा नियम करा. जे नाव आधारकार्डावर आहे तेच लिहायचं." बाई नाही म्हणाल्या. वर मोठ्या अक्षरात माहेरचं नाव, खाली बारीक अक्षरात सासरचं. "माहेरी येताना आधारकार्ड घेऊन यायचं व्हय रे?" मी तसंच लिहिलं. पटलं म्हणून नव्हे, दमलो होतो म्हणून.

या सगळ्या पसाऱ्यात एक कार्ड मला सुरुवातीपासून खटकत होतं. शेवंता. पिवळं कार्ड, फोटो नाही, त्याला चौकोन नाही, बाण नाही. दर रविवारी ते वेगळ्याच जागी असायचं. कधी विहिरीपाशी, कधी वेशीबाहेर, कधी देवळामागे. मला वाटायचं बाईंच्या हातून सटकतंय, म्हणून मी एका कडेला लावून ठेवायचो. पुढच्या रविवारी पुन्हा दुसरीकडे. एकदा मी वैतागून म्हणालो, "हिचं घर कुठलं ते एकदा सांगा, मी तिथे खिळवून टाकतो. सगळ्या गावात एकटी हीच भटकतेय."

बाईंनी स्वतःच्या माहेरघराच्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यात त्यांच्या आईचा जुना फोटो होता आणि आईच्या उजव्या हाताला बाईंचं कार्ड, कुसुम. "इथली. माझी धाकटी बहीण."

"मग आत घ्या की."

"कशी घेऊ?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. जमीन बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा दोन्ही बहिणींनी आपला हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या कराव्यात असं भावाचं म्हणणं होतं. शेवंता तयार नव्हती. मावळात तिच्या सासरी जाऊन तिला समजावून आणलं ते बाईंनी. शिकलेली थोरली बहीण, मुख्याध्यापिका. तिने "कर सही, माहेर तुटायला नको" म्हटल्यावर शेवंताने केली. नंतर बाईंचे यजमान गेले, त्या एकट्या पडल्या, तेव्हा भावाने मायेने त्यांना या टॉवरमध्ये फ्लॅट दिला. शेवंताला सही केली त्या दिवशी साडी मिळाली होती. ती साडी तिने परत पाठवली, आणि त्या दिवसापासून ती माहेरी आलेली नाही. भाऊ वारला तेव्हाही नाही.

"माहेर तुटू नये म्हणून सही करायला लावली," बाई म्हणाल्या, "आणि तिथंच तुटलं. एकदा तिच्या वतीनं मी ठरवलंय. आता तिला न विचारता घरात कशी ठेवू? आणि बाहेर तरी कुठं ठेवू?"

म्हणजे सगळा मेळावा होता तो या एका कार्डासाठी. बाकीचं गाव बाईंनी तिच्यासाठी गोळा केलं होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, रागही आला. एक फोन लावून जे बोलायचं त्यासाठी या बाईने माझे इतके रविवार घेतले!

"फोन करा ना तिला."

"फोनवर काय बोलू?" असं म्हणून त्यांनी चष्मा घडी केला. शेवंताच्या नातवाचा नंबर त्यांच्याकडे होता. त्यावर मी बोर्डची लिंक पाठवली, खाली बाईंनी सांगितलेला मजकूर: 'आत्याबाईंनो, मावश्यांनो, आपापली जागा बघून घ्या.' सगळ्यांना गेला तोच. वेगळं एक अक्षरही लिहायला त्या तयार झाल्या नाहीत. तिकडून मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पुढे मेळाव्याच्या तयारीने वेग घेतला. बाईंचा भाचा नवनाथ, गळ्यात साखळी आणि पांढरी मोठी गाडी असलेला, मदतीला आला आणि म्हणाला, "आत्या, बोर्डवर सगळ्यात वर माझा फोटो टाकू. निमंत्रक म्हणून. ह्या दादाला सांग ना जरा मोठा लावायला." बाईंनी त्याला इतरांएवढंच कार्ड दिलं आणि तेही वेशीबाहेर. "तू लेक आहेस का ह्या गावची? मग पाहुण्यांत बस." मी दुपारी चाकणच्या कँटीनमध्ये डबा उघडून मोबाइलवर बोर्ड नीट करत बसायचो. एकदा तेवढ्यात फोन. "सूर्यवंशी, तुझ्या नावाची खूण माझ्या फळ्यावर फिरतीय. आधी जेव." आमच्या कारखान्यातल्या पोरांना वाटलं घरून फोन आहे. "भावा, लय लक्ष ठेवतात राव," असं बरेच दिवस चाललं.

मेळावा हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात झाला. बायका खूप आल्या, अपेक्षेपेक्षा जास्त. मोठ्या पडद्यावर बोर्ड लावला होता. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, पंजाबी ड्रेसमधल्या नाती, सगळ्या पडद्यापुढे गर्दी करून बोट दाखवत होत्या. "आगं, ही मी! विहिरीपल्याड!" एकीने पडद्यावरच्या स्वतःच्या घराला हळदकुंकू लावलं, ते नंतर पुसताना कार्यालयवाल्याने माझ्याशी भांडण केलं. मला कौतुक वाटत होतं. बाईंना वाटत होतं की नाही, कुणास ठाऊक. त्या दाराजवळ उभ्या होत्या. सगळ्यांच्या ओट्या भरून झाल्या तरी एक खण आणि एक नारळ त्यांनी बाजूला ठेवला होता.

शेवंता आली नाही.

गाड्या निघाल्या, पंगती उठल्या, आणि मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा बाई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "पडद्यावर अक्षरं फार बारीक होती. मागच्यांना दिसलं नसेल. तुला सांगितलं होतं." मी दिवसभर उभा होतो. माझं डोकंच फिरलं. "अक्षरं बारीक नव्हती बाई. जिला दिसायला हवी होती ती आली नाही, त्याला मी काय करू? तुम्ही स्वतः जायला हवं होतं!" बाई म्हणाल्या, "वायर नीट गुंडाळ, तुटेल." आणि नारळ पिशवीत घालून गेल्या.

मला वाटलं संपलं आता. पुढच्या रविवारी बेल वाजली. "आता काय राहिलंय बाई?" "पुढच्या वर्षीचं." पुन्हा धरा, ओढा, सोडा.

आम्ही निगडीला जायच्या आधीच्या रविवारची गोष्ट. घरात खोकी भरून पडली होती, बायको भांडी कागदात गुंडाळत होती, आणि बाई त्या पसाऱ्यात खुर्ची शोधून टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. मी गेल्यावर अडलं तर कुणाला विचारायचं, म्हणून सगळं पहिल्यापासून पुन्हा विचारत होत्या. मला चिडायलाही वेळ नव्हता.

"सूर्यवंशी, हे कोण?"

बोर्डवर एक खूण फिरत होती. नावाच्या जागी 'गेस्ट' लिहिलेलं, खातं न उघडता कुणी नुसत्या लिंकवरून आलं की तसंच येतं. मी म्हणालो असेल कुणीतरी, कुणाचं तरी पोरगं खेळत असेल.

पण ते पोराचं काम नव्हतं. खूण फार हळू चालली होती. वेशीपाशी थांबली. विहिरीपाशी बराच वेळ थांबली. मग वाट चुकल्यासारखी देवळामागे गेली, तिथून परत आली, आणि पिवळ्या कार्डावर येऊन टेकली. कार्ड हललं. सुटलं. पुन्हा धरलं गेलं, थोडं सरकलं, पुन्हा सुटून भलतीकडे गेलं.

"जास्त दाबतीय," बाई हळूच म्हणाल्या. "अगं, सोड... आता सोड."

त्यांना शिकवताना मी काढायचो तोच सूर, शब्दही तेच. मी खोकं खाली ठेवलं. बायकोही हातातलं भांडं घेऊन तशीच मागे येऊन उभी राहिली.

कार्ड धडपडत घराच्या चौकोनात शिरलं. बाईंच्या कार्डाजवळ आलं, तिथे थांबलं. मला वाटलं आता तिथेच राहणार. पण नाही. पुन्हा उचललं गेलं, आईच्या फोटोवरून पलीकडे गेलं आणि तिच्या डाव्या हाताला जाऊन बसलं. अर्धवट फोटोवर चढलेलं, वाकडं. एका बाजूला कुसुम, दुसऱ्या बाजूला शेवंता, मधे आई. खूण तिथेच थांबून राहिली.

"बाई, तुमच्याकडे नाही आल्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "आमी अशाच झोपायचो," त्या म्हणाल्या. "भांडान झालं की आई मधी."

शेवंताचं कार्ड आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर आलं होतं. वाकडं कार्ड दिसलं की सरळ करायची मला कंपनीतली सवय. माझा हात आपोआप पुढे झाला. बाईंनी त्यावर चापटी मारली, चांगली जोरात, वर्गात मारतात तशी.

"हात लावायचा न्हाई."